धागा : टार, जीझिप, एक्सझेड, झेडएसटीडी – कमांड लाइनवर फाईली कॉम्प्रेस करणं आणि दुसऱ्या मशीनवर धड उलगडणं

पेठवाचक

नमस्कार मंडळी. सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयाच्या जुन्या दिवाळी अंकांचं स्कॅनिंग संपत आलंय. सगळा डेटा उबुंटूच्या एका मशीनवर आहे (४ कोअर, ४ जीबी रॅम). तो औंधला एका कार्यालयात द्यायचाय, तिथे विंडोज ११ आहे. एक प्रत मॅकवर काम करणाऱ्या ताईंकडे जाणार आहे. न्यायला तपकीर गल्लीतून आणलेली १ टीबीची यूएसबी डिस्क आहे.

डेटा असा : मूळ स्कॅन टिफमध्ये, कॉम्प्रेशन नसलेले. वाचायच्या प्रती जेपीजी आणि पीडीएफ. स्वयंसेवकांनी टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये, हजारो छोट्या फाईली, फाईलींची नावंही मराठीत. आणि सूचीचा मारियाडीबीचा डंप, म्हणजे डेटाबेसची एका फाईलीत काढलेली प्रत.

कोणतं टूल कशासाठी, एक्सझेड -९ या मशीनवर झेपेल का, आणि तिकडे पोचल्यावर सगळं जसंच्या तसं आहे हे कसं तपासायचं, एवढं हवंय. आपल्या सदरात सगळं देवनागरीत लिहायची पद्धत आहे, म्हणून कमांडही तशाच लिहाव्यात. टंकताना त्या रोमन लहान अक्षरांत घेईन. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगा.

नळस्टॉप

टूल निवडायच्या आधी फाईली वेगळ्या करा. जेपीजी आणि पीडीएफ कॉम्प्रेस करण्यात वेळ घालवू नका. त्यांच्या आत कॉम्प्रेशन आधीच झालेलं असतं. वरून एक्सझेड चालवलंत तर प्रोसेसर तासभर तापेल आणि आकार जेमतेम टक्का-दोन टक्के हलेल. डॉक्सएक्स आणि ओडीटी तर मुळातच झिप असतात. हे सगळं नुसतं कॉपी करा, किंवा एकच फाईल हवी असेल तर कॉम्प्रेशन न लावता टार करा.

टिफचं गणित वेगळं. ७ बाय ९.५ इंचाचं पान ६०० डीपीआय, २४ बिट रंगात म्हणजे ४२०० गुणिले ५७०० गुणिले ३, एका पानाचे ७ कोटी १८ लाख बाइट. याला बाहेरून जीझिप लावण्यापेक्षा टिफच्या आतलंच कॉम्प्रेशन वापरा :

टिफसीपी -सी झिप:२ पान.टिफ पान-नवे.टिफ

यातला २ फार महत्त्वाचा. त्याने प्रत्येक पिक्सेलची किंमत न लिहिता शेजारच्या पिक्सेलपासूनचा फरक लिहिला जातो. कागदाच्या पिवळट पार्श्वभूमीत हे फरक शून्याच्या आसपास घोळतात आणि मग डिफ्लेटला (झिप, जीझिपच्या आतली दाबायची पद्धत) पकडायला काहीतरी मिळतं. फरक न काढता थेट जीझिप लावलं तर स्कॅनरच्या बारीक दाणेदार गोंगाटामुळे सारखा मजकूर फारसा सापडतच नाही. हे पूर्णपणे लॉसलेस आहे, म्हणजे चित्रातलं काहीही गमावलं जात नाही, आणि फाईल एक्स्ट्रॅक्ट न करता बहुतेक टिफ व्ह्यूअरमध्ये उघडते. कृष्णधवल, एक बिटचे स्कॅन असतील तर -सी जी४. छापील मजकुराच्या पानांवर जी४ला तोड नाही.

एवढं झालं की टिफ बाहेरून पुन्हा दाबायची गरज नाही. खरं कॉम्प्रेशन लागणार ते मजकुराला आणि डंपला.

टर्मिनलवाली

नळस्टॉप यांना अनुमोदन. टारबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण अर्धे घोटाळे तिथेच होतात.

टार फक्त बांधतं, दाबत नाही. जीझिप, एक्सझेड, झेडएसटीडी फक्त दाबतात, तेही एकच फाईल. त्यांना फोल्डर कळत नाही. म्हणून दोन्ही मिळून :

टार -सीझेडएफ मजकूर.टार.जीझेड मजकूर/

सी म्हणजे नवं बनव, झेड म्हणजे जीझिपमधून काढ, एफ म्हणजे पुढे फाईलचं नाव येतंय. एफ नेहमी शेवटी. -सीएफझेड लिहिलंत तर टार झेड नावाची फाईल बनवतं आणि मजकूर.टार.जीझेडला आत घालायची वस्तू समजून शोधत बसतं. जुनी चांगली प्रत त्याच नावाने तिथे पडलेली असेल तर ती खरोखर आत जाते आणि चूक कळतही नाही.

फोल्डर दुसरीकडे असेल तर पूर्ण पाथ देऊ नका. टार सुरुवातीची तिरकी रेघ काढून टाकतं, पण होम, यूजर, कामं अशी सगळी उतरंड आत जाते आणि समोरच्याला ती उकलत बसावी लागते. त्याऐवजी मोठा सी :

टार -सीझेडएफ मजकूर.टार.जीझेड -मोठासी /होम/स्कॅन मजकूर

नको त्या फाईली वगळायच्या तर --एक्सक्लूड='*.टीएमपी' हे फोल्डरच्या नावाच्या आधी लिहा. अवतरणचिन्हं विसरू नका, नाहीतर तारका शेलच उलगडून टाकू शकतो.

उलगडताना आधी टार -टीएफ ने यादी बघा. सगळ्या नावांच्या सुरुवातीला एकच फोल्डर दिसलं तर ठीक. नसेल तर नवं रिकामं फोल्डर करून -मोठासी ने त्यात काढा, नाहीतर हजारो फाईली चालू फोल्डरमध्ये सांडतात, आणि सारख्या नावाच्या तुमच्या जुन्या फाईलींवर न विचारता लिहिल्या जातात. उलट बाहेरचं फोल्डर नको असेल तर --स्ट्रिप-कॉम्पोनंट्स=१.

काढताना झेड द्यावं लागत नाही, टार स्वतः ओळखतं. अपवाद पाइपचा, म्हणजे उभ्या रेघेने एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला देण्याचा. पाइपमधून येणारा डेटा टारला मागे जाऊन पुन्हा बघता येत नाही, म्हणून तिथे -एक्सझेडएफ - असं स्पष्ट सांगावं लागतं.

वेताळटेकडी

आता मजकुराचं. हजारो छोट्या .टीएक्सटी थेट झिपमध्ये टाकू नका. झिप प्रत्येक फाईल स्वतंत्र दाबतं. ३-४ केबीच्या फाईलीत पुनरावृत्ती कितीशी सापडणार? आधी टार, मग कॉम्प्रेशन, म्हणजे एका फाईलीतला मजकूर दुसरीच्या उपयोगी पडतो. --सॉर्ट=नेम दिलंत तर एका अंकाच्या फाईली शेजारी येतात, त्याचाही थोडा फायदा होतो.

आणि इथे मराठीचा एक खास मुद्दा आहे. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. पहिला बाइट कायम ई०, दुसरा ए४ किंवा ए५. खरी माहिती जवळपास सगळी तिसऱ्या बाइटमध्ये. त्यामुळे मराठी मजकूर इंग्रजीपेक्षा जास्त पटीने दबतो, आणि ते पाहून लोक जीझिपवरच खूश होतात. पण जीझिपची खिडकी फक्त ३२ केबीची आहे. पुनरावृत्ती शोधताना ते मागे तेवढंच बघू शकतं. ३२,७६८ भागिले ३ म्हणजे सुमारे ११ हजार चिन्हं, काना-मात्रा-वेलांट्या धरून. एका लेखातलं वाक्य पुढच्या लेखात आलं तरी जीझिपला ते नवंच वाटतं. एक्सझेडची डीफॉल्ट डिक्शनरी, म्हणजे त्याची खिडकी, ८ एमआयबी आहे, म्हणजे त्याच्या २५६ पट. संपादकीय चौकटी, अनुक्रमणिका, जाहिरातींचा ठरलेला मजकूर हे सगळं तिथे पकडलं जातं. मराठी मजकुराच्या संग्रहाला जीझिप वापरणं मला तरी पटत नाही.

एक्सझेड -९ बद्दल : त्या पातळीला एका थ्रेडला ६७४ एमआयबी मेमरी लागते, डीफॉल्ट -६ ला ९४. सोबत -मोठाटी०, म्हणजे सगळे कोअर वापर असं सांगितलंत तर प्रत्येक थ्रेडला आपली वेगळी मेमरी लागते. चार थ्रेडना नुसत्या हिशेबानेच २.७ जीबी, आणि थ्रेडमध्ये ब्लॉकचे बफर वरून येतात. ४ जीबीच्या मशीनवर स्वॅप सुरू होईल आणि माउसही हलणार नाही. शिवाय -९ ची डिक्शनरी ६४ एमआयबी आहे. पण टार -६ च्या ८ एमआयबीहून मोठी नसेल तर तिचा काहीच फायदा नाही. -६ वर राहा. धोका नको असेल तर --मेमलिमिट-कॉम्प्रेस=१५००एमआयबी द्या, एक्सझेड स्वतःच थ्रेड किंवा पातळी खाली आणतं.

मी मात्र तुमच्या कामाला झेडएसटीडी घेईन :

टार --सॉर्ट=नेम -मोठाआय 'झेडएसटीडी -१२ -मोठाटी०' -सीएफ मजकूर.टार.झेडएसटी मजकूर

पातळ्या १ ते १९, डीफॉल्ट ३. --अल्ट्रा दिलं तर २२पर्यंत. उलगडायचा वेग पातळीवर फारसा अवलंबून नसतो आणि तो एक्सझेडपेक्षा कितीतरी जास्त आहे. आकारात एक्सझेड थोडं पुढे राहील, पण हा संग्रह एकदा बांधून शंभरदा उघडला जाणार आहे.

टर्मिनलवाली

इथे थोडा मतभेद. झेडएसटीडी २०१६चं. विंडोजच्या सगळ्या मशीनवर ते उघडेलच असं धरून चालू नका. जीझिप १९९२पासून आहे आणि आज असं मशीन शोधून सापडणार नाही जिथे ते उघडत नाही. दुसऱ्याच्या हातात द्यायच्या प्रतीसाठी आकारापेक्षा उघडण्याची खात्री मोठी. मजकूर असून असून किती असणार? टिफच्या तुलनेत चिमूटभर.

वेताळटेकडी

मान्य, द्यायच्या प्रतीसाठी जीझेड ठेवा. स्वतःकडच्या प्रतीसाठी झेडएसटी किंवा एक्सझेड. फक्त झेडएसटीडीला --लाँग=३१ सारखी मोठी खिडकी देऊ नका. २७ म्हणजे १२८ एमबीच्या वर गेलात की उलगडणाऱ्यालाही तोच ऑप्शन द्यावा लागतो, नाहीतर ते मेमरीचं कारण देऊन थांबतं.

पेठवाचक

दोघांचेही आभार. तीन प्रश्न. जीझिपने डंप दाबला तर मूळ फाईल राहते का? जीझिप -एल काही वेळा मूळ आकार भलताच लहान दाखवतं असं वाचलं, ते का? आणि एक्सझेडमध्ये मध्यंतरी काहीतरी घुसवलं होतं ना, ते वापरणं सुरक्षित आहे का?

नळस्टॉप

जीझिप, बीझिप२ आणि एक्सझेड काम झाल्यावर मूळ फाईल काढून टाकतात. ठेवायची तर -के. झेडएसटीडी उलटं वागतं, मूळ ठेवतं आणि काढायची तर --आरएम मागतं. टारमधून केलंत तर मूळ फोल्डरला कोणीच हात लावत नाही.

-एलचं कारण असं : जीझेडच्या शेवटच्या ४ बाइटमध्ये मूळ आकार लिहिलेला असतो, आणि ४ बाइटमध्ये ४ जीआयबीपुढचा आकडा मावत नाही, पुन्हा शून्यापासून सुरू होतो. म्हणजे ५ जीआयबीची फाईल १ जीआयबी दिसते. फाईल ठणठणीत असते. २०२२च्या १.१२ आवृत्तीपासून -एल खरोखर उलगडून मोजतं, त्यामुळे वेळ लागतो पण आकडा बरोबर येतो. जुन्या आवृत्तीवर झेडकॅट डंप.एसक्यूएल.जीझेड | डब्ल्यूसी -सी.

एक्सझेडचं प्रकरण मार्च २०२४चं. ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्यांमध्ये चोरवाट घातली होती, आंद्रेस फ्रॉइंड यांनी ती शोधून २९ मार्चला जाहीर केली. रोख लिबएलझेडएमए लायब्ररीमार्फत एसएसएच सर्व्हरवर होता. .एक्सझेड फाईलींच्या फॉरमॅटशी त्याचा संबंध नव्हता, त्या आवृत्तीने बनवलेल्या फाईलीही निर्धोक उघडतात. एक्सझेड --व्हर्जन चालवा, ते दोन आकडे नसतील तर काळजीचं कारण नाही.

मुळामुठा

सगळे आकाराबद्दल बोलताहेत, पण तुमच्या कामात सगळ्यात जास्त त्रास मराठी नावं देणार आहेत. नीट वाचा.

पहिली गोष्ट लांबीची. लिनक्सच्या एक्स्ट४वर फाईलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. बाइटची, अक्षरांची नव्हे. देवनागरीत २५५ भागिले ३ म्हणजे ८५ चिन्हं. "दिवाळी" डोळ्यांना तीन अक्षरं दिसते, पण त्यात द, वेलांटी, व, काना, ळ, वेलांटी अशी ६ चिन्हं, म्हणजे १८ बाइट. "ज्ञ" एकटा ९ बाइट खातो. विंडोजच्या एनटीएफएसवर मात्र २५५ चिन्हं चालतात. म्हणजे औंधच्या मशीनवर कोणी लेखाचं पूर्ण शीर्षक, लेखक आणि अंकाचं नाव जोडून फाईल केली, झिप करून परत पाठवली, की तुमच्याकडे "फाईल नेम टू लाँग" म्हणून ती फाईल गाळली जाते आणि बाकीच्या निघतात. शेकडो ओळींच्या आउटपुटमध्ये ती एक ओळ कोणाला दिसत नाही. नावं आत्ताच आखडती घ्या. अंकाचं सांकेतिक नाव, वर्ष, पान क्रमांक एवढं पुरे. पूर्ण शीर्षक सूचीत आहेच.

दुसरी गोष्ट "ऱ्या"ची. हे मराठीचंच दुखणं. "खोऱ्यातील" हे नाव तीन प्रकारे साठवलेलं असू शकतं : नुक्तावाला ऱ हे एकच चिन्ह, किंवा साधा र आणि वेगळा नुक्ता, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे. पडद्यावर तिन्ही सारखेच. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाईल सिस्टिम पहिल्याचं आपोआप दुसऱ्यात रूपांतर करते. ताईंची डिस्क तशी असेल आणि त्यांनी तिथून टार करून परत दिलं, तर लिनक्सवर तुमच्या फोल्डरात हुबेहूब सारख्या नावाच्या दोन फाईली उभ्या राहतील. एक तुमची, एक त्यांची दुरुस्त केलेली. कुठली नवी हे नावावरून कळणार नाही आणि स्क्रिप्ट जुनीच उचलेल.

यावर उपाय कॉन्व्हएमव्ही, फाईलींच्या नावांचं एन्कोडिंग बदलणारं टूल :

कॉन्व्हएमव्ही -एफ यूटीएफ८ -टी यूटीएफ८ --एनएफसी -आर मजकूर/

हे फक्त काय बदलेल ते दाखवतं. पटलं की तेच --नोटेस्ट जोडून चालवा. पहिले दोन प्रकार याने एक होतात. झेडडब्ल्यूजेवाला तिसरा प्रकार होत नाही, कारण युनिकोडच्या दृष्टीने ते वेगळं लेखन आहे. तो आधी शोधून हाताने किंवा रीनेम कमांडने बदलावा लागतो. कीबोर्डनुसार स्वयंसेवक वेगवेगळं टंकतात, त्यामुळे हा प्रकार तुमच्याकडे नक्की असणार.

तिसरी, झिपची. झिप १९८९चं, त्या काळी नावांना डॉसची कोड पेज (अक्षरांना आकडे देणारे तक्ते) होती. नाव यूटीएफ-८ आहे हे सांगणारा झेंडा, ११ क्रमांकाचा बिट, नंतर आला. लिनक्सवर नवी झिप ३.० वापरलीत तर तो लागतो. पण काही जुनी सॉफ्टवेअर तो लावत नाहीत, आणि देवनागरीला डॉसमध्ये जागाच नव्हती, म्हणून नावांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा अधोरेषा येतात. अशा झिपमधली नावं परत मिळत नाहीत. ती बनवणाऱ्याकडूनच पुन्हा घ्यावी लागते. याउलट अनझिपने नावाच्या जागी #यू०९२८ अशी अक्षरं दाखवली, किंवा टारच्या यादीत ३४०, २४४ असे तिरक्या रेघांचे आकडे आले, तर घाबरू नका. फाईलमध्ये नाव शाबूत आहे, तुमच्या टर्मिनलचं लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) यूटीएफ-८ नाही एवढंच. अनझिप चालवण्यापूर्वी एलसी_ऑल=सी.यूटीएफ-८ (एलसी, ऑल, सी, यूटीएफ सगळं मोठ्या अक्षरांत) एक्स्पोर्ट करा. नाहीतर #यू०९२८ याच नावाने फाईली डिस्कवर बनतील.

टर्मिनलवाली

फार उपयुक्त प्रतिसाद. त्यात विंडोजची भर : नावात विसर्गासाठी कोलन टंकलेलं असेल (हे सर्रास होतं, "दुःख"मध्ये विसर्गाऐवजी कोलन) तर लिनक्स ते घेतं, विंडोज घेत नाही. प्रश्नचिन्ह, तारका, दुहेरी अवतरण, उभी रेघ, कोनी कंस यांचंही तेच. शोधून काढायला :

फाइंड . -नेम '*[:?*"<>|]*'

विंडोज ११वर टार सोबतच येतं, कमांड प्रॉम्प्टमध्ये टार -एक्सएफ चालतं. ते बीएसडीचं टार आहे, म्हणून वर वेताळटेकडींनी दिलेला मोठा आय तिथे तसा चालणार नाही, त्याचा अर्थ वेगळा आहे. मॅकवरही तेच. पॉवरशेलचं कम्प्रेस-आर्काइव्ह मोठ्या फाईलींना वापरू नका, २ जीबीपुढची फाईल त्याला झेपत नाही.

मॅकवरून येणाऱ्या टारमध्ये टिंब-अधोरेषेने सुरू होणाऱ्या जोडफाईली असतात. ताईंना सांगा, टारच्या आधी कॉपीफाइल_डिसेबल=१ लिहा, सगळी अक्षरं मोठी.

पेठवाचक

डिस्क एफएटी३२ आहे असं आत्ता दिसलं. तुकडे करावे लागतील का?

नळस्टॉप

डिस्क रिकामी असेल तर सरळ एक्सफॅट करा. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे चालते. एफएटी३२वर एक फाईल ४ जीआयबीला एक बाइट कमी, त्याहून मोठी होऊच शकत नाही. कॉपी तिथपर्यंत जाते आणि तुटते.

फॉरमॅट करता येत नसेल तर :

स्प्लिट -बी ३९००एम -डी स्कॅन.टार स्कॅन.टार.भाग-

यातला एम मोठा. तिकडे जोडताना कॅट स्कॅन.टार.भाग-* | टार -एक्सएफ - . विंडोजवर कॉपी /बी आणि मध्ये अधिकचं चिन्ह. /बी विसरलात तर कॉपी फाईल मजकूर समजून वाचते आणि २६ क्रमांकाचा बाइट दिसला की तिथेच थांबते. एक तुकडा हरवला तर त्यापुढचं काहीच नीट निघणार नाही, हे लक्षात घेऊन मी तरी डिस्क एक्सफॅटच करेन.

वेताळटेकडी

आता तपासणी. हा भाग गाळू नका. एसएचए२५६ हा फाईलच्या बाइटवरून काढलेला ठसा, एक बाइट बदलला तरी तो बदलतो. ठशांची यादी फाईलींची करा, आर्काइव्हची नव्हे, म्हणजे उलगडल्यानंतरचं सगळं तपासलं जातं :

सीडी मजकूर
फाइंड . -टाइप एफ -प्रिंट० | एक्सआर्ग्ज -० एसएचए२५६सम > ../यादी.एसएचए२५६

दुसरीकडे उलगडलेल्या फोल्डरात जाऊन एसएचए२५६सम -सी --क्वाएट ../यादी.एसएचए२५६. काहीच छापलं नाही म्हणजे सगळं जुळलं. विंडोजवर एकेका फाईलला सर्टयुटिल -हॅशफाइल नाव एसएचए२५६, पण हजारो फाईलींना लिनक्सची सबसिस्टिमच बरी.

आर्काइव्ह न उलगडता तपासायचं तर जीझिप -टी, एक्सझेड -टी, झेडएसटीडी -टी, अनझिप -टी. त्याने फाईल आतून सुसंगत आहे एवढं कळतं. मूळ फोल्डरशी जुळते का ते टार -डीएफ सांगतं. मूळ टिफ आणि मजकूर दोन ठिकाणी उलगडून यादी जुळल्याशिवाय पुसू नका. डिस्कवरून थेट नव्हे, डिस्क काढून पुन्हा लावून मग तपासा, नाहीतर मेमरीतलीच प्रत वाचली जाते आणि डिस्कवर काय गेलं ते कळत नाही.

मुळामुठा

त्याला जोडून : जीझेडच्या मध्येच एखादा सेक्टर खराब झाला तर त्यापुढचं सगळं जवळपास गेलं. पूर्ण संग्रहाची एकच महाकाय .टार.जीझेड म्हणून करू नका. प्रत्येक अंकाची वेगळी करा, नुकसान एका अंकापुरतं राहतं. आणि एक पान काढायला सगळ्या संग्रहाची टार सुरुवातीपासून उलगडावी लागत नाही. कपाटात ठेवायच्या प्रतीला पीएआर२, म्हणजे दुरुस्तीसाठीचा जास्तीचा डेटा, जोडा :

पीएआर२ क्रिएट -आर१० अंक.पीएआर२ अंक*.टार

दहा टक्के जास्तीची जागा जाते, पण त्या मर्यादेतलं नुकसान पीएआर२ रिपेअरने भरून काढता येतं. बीझिप२बरोबर बीझिप२रिकव्हर येतं, ते ९०० केबीचे शाबूत ब्लॉक वेगळे काढून देतं. जीझिपला तशी सोय नाही.

पेठवाचक

उत्तम. सूचीचा डंप रोज रात्री घ्यायचाय आणि आरसिंकने (फाईलीचा बदललेला भागच नेणारं टूल) दुसऱ्या मशीनवर न्यायचाय. मायएसक्यूएलडंप | जीझिप एवढं पुरेल ना?

टर्मिनलवाली

पुरणार नाही, दोन कारणांनी. पाइपमध्ये शेल फक्त शेवटच्या कमांडचा निकाल बघतो. पासवर्ड चुकला, डंप अर्ध्यात तुटला, तरी जीझिप जे मिळालं ते नीट दाबून "यशस्वी" म्हणतं, आणि जीझिप -टीसुद्धा पास होतं. स्क्रिप्टच्या सुरुवातीला सेट -ओ पाइपफेल लिहा. शिवाय शेवटची ओळ बघा :

झेडकॅट सूची.एसक्यूएल.जीझेड | टेल -एन १

तिथे "डंप कम्प्लीटेड" असा मजकूर असेल तरच तो डंप पूर्ण. डंप घेताना --सिंगल-ट्रान्झॅक्शन द्या, इनोडीबीची टेबलं असतील तर मध्येच कोणी नोंद केली तरी चित्र एकाच क्षणाचं राहतं.

दुसरं आरसिंकचं. सूचीत सुरुवातीला एक नोंद बदलली की जीझेडमधले त्यापुढचे सगळे बाइट बदलतात आणि आरसिंक पूर्ण फाईल पुन्हा नेतं. जीझिपला --आरसिंकेबल द्या. ते ठराविक खुणांवर कॉम्प्रेशन नव्याने सुरू करतं, फाईल किंचित वाढते, पण बदललेला भागच जातो. मात्र दुसरीकडे फाईलचं नाव तेच हवं. नावात तारीख घातलीत तर आरसिंकला तुलनेला जुनी प्रतच मिळत नाही. तारखेच्या प्रती तिकडच्या मशीनवर वेगळ्या करा.

नळस्टॉप

आणि क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय, तिची यादी म्हणजे क्रॉनटॅब) थेट ओळ लिहिणार असाल तर : क्रॉनटॅबमध्ये टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ. डेट कमांडमधल्या टक्क्यापाशीच कमांड तुटते, हातानं चालवून बघितलेली ओळ रात्री चालत नाही. प्रत्येक टक्क्याआधी उलटी तिरकी रेघ हवी. शिवाय क्रॉन बॅश नव्हे तर साधा एसएच वापरतो, आणि उबुंटूवरच्या त्या एसएचला पाइपफेल कळेलच असं नाही. म्हणून सगळं एका स्क्रिप्टमध्ये घाला, पहिल्या ओळीत बॅशचा पाथ, दुसऱ्या ओळीत मुळामुठा यांनी सांगितलेलं यूटीएफ-८ लोकेल (क्रॉनला तुमच्या टर्मिनलचं लोकेल मिळत नाही), तिसऱ्या ओळीत सेट -ओ पाइपफेल. क्रॉनटॅबमध्ये फक्त त्या स्क्रिप्टचं नाव.